पाळण्यातला वरवंटा

माले गावात वाल्मीक मंडपवाल्याकडे सगळं भाड्याने मिळायचं. कनाती, खुर्च्या, गालिचे, मोठी पातेली, नवरा-नवरीला बसायचा लाल सोफा आणि बारशाचा पाळणा. बाकीचं सामान परत आलं की गोदामात कुठेही पडायचं. पाळणा मात्र वाल्मीक स्वतः पुसायचा, त्यात एक दगडी वरवंटा आडवा ठेवायचा आणि पाळण्याचा दोर खिडकीच्या गजाला घट्ट बांधून टाकायचा.

रिकामा पाळणा हलला की घरात येणारं मूल येत नाही, असं तिकडच्या म्हाताऱ्या सांगतात. वाल्मीक पन्नाशीला आला होता आणि काही फार देवभोळा नव्हता. पण या एका गोष्टीत तो कुणाचं ऐकत नसे.

कारण तो पाळणा धंद्यासाठी घेतलेला नव्हताच. पहिली बायको अनसूया गरोदर असताना त्याने हौसेने तो पौडच्या बाजारातून आणला होता, टेम्पोत उभं राहून, हाताने धरून. चुलती लिलाबाई दारातच म्हणाली होती, "मूल यायच्या आदी पाळना आनत्यात व्हय रं? आन् आनलाच हाईस तर त्यात वरवंटा तरी घाल. रिकामा टांगू नगंस." वाल्मीक हसला होता. पाळणा माजघरात टांगला गेला. गावालगतच्या धरणावरून वारा सुटला की तो आपला आपण हलायचा. अनसूयेला ते बघत बसायला आवडायचं.

मूल पोटातच गेलं. दवाखान्यात नर्सने कापडात गुंडाळून ते वाल्मीकच्या हातात दिलं. त्याला वाटलं होतं, वजन काहीच नसेल. वजन होतं.

अनसूयेला पुन्हा दिवस राहिले नाहीत. बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात ती तापाने गेली. माणूस गेलं की घर शांत होतं, असं वाल्मीक ऐकून होता. त्याच्याकडे उलटं झालं. कधी न ऐकलेले आवाज यायला लागले. फ्रिज कण्हायचा, पत्रा तडतडायचा. कुणी बोलवायचं नाही आणि तो "आलो" म्हणायचा. मग गोदामात जाऊन खुर्च्या एकात एक घालत बसायचा.

अशात त्याला साधना भेटली. ती भरे गावची, अंगणवाडीची बाई, वय त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी कमी. लग्न करून माण गावी गेली होती. मूल होईना म्हणून तिथल्या लोकांनी तिला परत आणून सोडलं, त्यालाही आता जमाना झाला होता. तिच्या भाचीच्या लग्नाचा मंडप वाल्मीकचा होता. लग्न लागायच्या आधी ती तरातरा त्याच्याकडे आली.

"मंडपवाले, ही सतरंजी उंदरानं खाल्लीया. आन् तुमी ती नवरदेवाखाली घातली?"

"नवरदेव बसला की भोक दिसत न्हाई, बाई."

"आन् उठला की?"

"उठंपतुर अक्षता पडलेल्या असत्यात. मग त्यो काय करतोय?"

ती हसायचं नाही म्हणत असतानाच हसली. लग्नानंतर वाल्मीक राहिलेली एक खुर्ची न्यायला भऱ्याला गेला. पुढच्या आठवड्यात आणखी एक खुर्ची राहिली होती. तिसऱ्या वेळी साधनाच दारात खुर्ची घेऊन उभी होती. "मंडपवाले, आजून किती राहिल्यात ते एकदाच सांगा. भावजय हसतीया."

लग्नाचं बोलताना तिने एकच गोष्ट सांगितली. "मला मूल पायजे. पोटचं आता हुनार न्हाई. आनायचं हाय. पटत आसंल तर व्हय म्हना, न्हाईतर ही तुमची खुर्ची घ्या आन् जावा." वाल्मीक व्हय म्हणाला. आणि खुर्ची तिथेच ठेवून निघाला.

लग्नाला दोन वर्षं झाल्याशिवाय दत्तकासाठी नाव नोंदवून घेत नाहीत, असा नियम होता. ती दोन वर्षं गेली. मग नंबराची वाट. दोघांची वयं बघता चार-पाच वर्षांचं मूल मिळेल, असं दत्तक संस्थेतून सांगितलं. आता घर बघायला बाई येणार होत्या आणि सगळं त्यांच्या शब्दावर होतं.

भाद्रपदात वाल्मीक एका गणपतीचा मंडप सोडून घरी आला, तर माजघरात पाळणा टांगलेला. साधनाने तो गोदामातून काढला होता, चिंच लावून कड्या घासल्या होत्या. वाल्मीकचे पाय उंबऱ्यातच थांबले.

"पाच वरसाची पोर येनार. तिला पाळना कशाला?"

"पाच वरसाची आसंल. पन आपल्या घरात ती आली त्याच दिवशी जन्मनार का न्हाई? मी बारसं करनार."

"आन् त्यात वरवंटा हुता, त्यो?"

"धुतला. चटनी वाटली त्याच्यावर. घरातला मोडलाय म्हनून कधीचं सांगतीया मी तुमाला."

जेवताना वाल्मीकने चटणी ताटाच्या कडेला सारली. बाहेर वारा होता. पाळण्याची कडी करकरत होती, थांबत होती, परत करकरत होती. दुसऱ्या दिवशी साधना अंगणवाडीत गेल्यावर त्याने वरवंटा उचलला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला. वरून दुपटं ओढलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवो, वरवंटा कुटं गेला?"

"कुनी न्येला आसंल. लिलाकाकी आल्ती."

"आत्याबाईंनी वरवंटा न्येला आन् पाटा ठिवला?"

"म्हातारं मानूस. इसरली आसंल."

मिक्सर फिरल्याचा आवाज आला.

चार दिवसांनी वाल्मीकने दुपटं उचलून बघितलं. वरवंट्याच्या अंगावर धोतराचं फडकं नव्हतं. पिवळं झबलं होतं, नवं. पुढच्या आठवड्यात डोक्यावर टोपडं आलं. मग एक दिवस टोपड्याखाली, दगडाच्या त्या गोल टोकाला, काजळाची तीट लावलेली दिसली.

त्याने दुपटं परत ओढलं आणि बाहेर येऊन ओट्यावर बसला. समोर डोंगर धुक्यात गेला होता. तिला विचारावं, तर काय विचारायचं? तू दगडाला कपडे घालतीस का? आणि ती व्हय म्हणाली तर? वाट बघून बघून बाईच्या डोक्यावर परिणाम होतो, असं त्याने पाहिलं होतं. अनसूया शेवटच्या वर्षांत रिकाम्या माजघराकडे बघून हसायची. साधना त्याच्याकडे मधूनच टक लावून बघायची, त्याच्या ताटात जास्तीची भाकरी वाढायची आणि आजाऱ्याशी बोलावं तशी हळू बोलायची. घरात दोघंजण पाय न वाजवता चालायला लागली.

घर बघायला बाई यायच्या दिवशी वाल्मीकने ठरवलं, साधना आंघोळीला गेली की वरवंटा उचलायचा आणि गोदामात गालिच्यांखाली घालायचा. तो माजघरात गेला. पाळणा हळूहळू हलत होता. त्यात काही नव्हतं.

त्याने दुपटं झटकलं, खाली वाकून बघितलं. वरवंटा नव्हता. पाळणा रिकामा होता आणि हलत होता. त्याने दोन्ही हातांनी तो घट्ट धरला. तेवढ्यात अंगणात गाडी वाजली.

आलेली मुलगी तिशीची, दिशा नावाची. चष्म्यावर पाणी, पायात चिखल. साधनाने ओल्या केसांनीच पाणी दिलं. दिशाने साधे प्रश्न विचारले. घरात कोण कोण, शाळा किती लांब, भांडण झालं तर कोण आधी बोलतं.

"ह्येच बोलत्यात," साधना म्हणाली. "चा मागायला."

दिशा हसली. मग उठून घर बघायला लागली. पाळण्यापाशी थांबली. वाल्मीकने अजून पाळणा सोडलेला नव्हता.

"मूल कुठे झोपेल?"

"हितं, आमच्यामदी," साधनाने पलंग दाखवला. त्यावर गोधड्यांची चळत होती. दिशाने सहज म्हणून वरच्या गोधडीवर हात दाबला, तो काहीतरी टणक लागलं. तिने गोधडी उलटली.

पिवळ्या झबल्यातलं, टोपडं घातलेलं, तीट लावलेलं ते गोधड्यांत निजलं होतं. दिशा किंचाळून मागे झाली आणि तिची पाठ पाळण्यावर आपटली. मग तिने पुढे होऊन बघितलं. दगड होता.

"हे काय आहे?"

"माजं हाय," वाल्मीक म्हणाला.

"माजं हाय," साधना म्हणाली.

दोघंही एकदमच म्हणाली, आणि मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं, तेवढाच आवाज.

दिशाने दोघांना वेगवेगळं बोलायला घेतलं. आधी साधनाला, स्वयंपाकघरात, दार लोटून. मग वाल्मीकला गोदामात, खुर्च्यांच्या थप्प्यांमध्ये. वाल्मीकने सगळं सांगितलं. पाळणा, अनसूया, कापडातलं वजन. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि आता सांगत होता एका परक्या मुलीला, जिच्या हातात सगळं होतं.

"वरवंटा म्या ठिवला, बाई. पाळना रिकामा नगं म्हनून. कपडे तिनं घातले. पन तिला येडी समजू नका. म्या ठिवला नसता तर तिनं घातले नसते."

दिशाने चष्मा पुसला. "त्या काय म्हणाल्या माहीत आहे? त्यांना लिलाबाईंनी सगळं सांगितलं होतं. त्यांना वाटलं, तुम्ही तुमच्या पहिल्या बाळासाठी दगड निजवता. पावसाच्या गारठ्यात नुसत्या फडक्यात निजवलंय, हे त्यांना बघवेना. म्हणून झबलं घातलं. आणि आज तुम्ही वेडे ठराल म्हणून लपवला."

वाल्मीक मान खाली घालून बसला. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणी.

"मग तीट कशाला लावली?" त्याने विचारलं.

"ते मीही विचारलं. म्हणाल्या, हात आवरला नाही." दिशा उठली. "मी बघितलं ते लिहावं लागेल मला. बाकीचं आता बोलता येणार नाही. पण पुन्हा येईन तेव्हा हा दगड स्वयंपाकघरात दिसू द्या. मूल येईल ते खरं असेल. त्याच्या जागेवर दुसरं कुणी नको."

गाडी गेली. साधना ओट्यावर आली आणि वाल्मीकशेजारी बसली.

"मंडपवाले, आत्याबाईंनी वरवंटा न्येला म्हनून सांगितलं तुमी."

"आन् तू मिक्सर फिरवलास."

"मग काय करायचं हुतं? झोपल्यालं उठवून चटनी वाटायची?"

दोघं हसली. पण नंतर कितीतरी दिवस फोन वाजला की दोघांपैकी कुणीच तो लवकर उचलायचं नाही.

फोन दिवाळीनंतर आला. ऋतिका नावाची मुलगी, साडेपाच वर्षांची. दिशाने एक गोष्ट आधीच सांगितली. ही मुलगी पूर्वी एका घरी गेली होती. त्यांना जमलं नाही, त्यांनी तिला परत आणून सोडलं. आता पहिले काही महिने ती कागदोपत्री त्यांची नसेल. तिचं मन लागलं नाही, ती राहायला तयार झाली नाही, तर संस्था तिला परत नेईल. "आणि एकदा परत गेलेलं मूल दुसऱ्यांदा परत गेलं," दिशा म्हणाली, "तर मग ते कुणाकडेच जात नाही."

ऋतिका आली ती पाठीवर निळी बॅग घेऊन. बॅग तिने खुंटीला टांगू दिली नाही. रात्री उशाशी घेतली, शेजारी चपला ठेवल्या, दोन्हींची तोंडं दाराकडे. सांगेल ते करायची. जेवण झालं की ताट उचलायची. साधनाला मॅडम म्हणायची आणि वाल्मीकला सर. रडायची नाही, आणि त्याचीच साधनाला भीती वाटायची. "अंगनवाडीत न रडनारं पोर आसलं की म्या आदी त्याच्याकडं बघती," ती म्हणायची.

लिलाबाईने पोरीला खालून वर बघितलं. "परत आल्यालं पोर. एका घरानं ठिवलं न्हाई, काय तरी आसंल म्हनूनच ना?"

"आत्याबाई, मीबी परत आल्यालीच हाय," साधना म्हणाली. "चा घेनार का?"

लिलाबाईने चहा घेतला आणि बारशाला काय काय लागेल ते सांगायला बसली.

बारसं धरलं त्या दिवशी आवळीभोजनाला निघाल्यासारख्या बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, अंगणात वाल्मीकचा स्वतःचा मंडप, पहिल्यांदा बिनभाड्याचा. ऋतिकाला नवा फ्रॉक घालून पाटावर बसवलं. तिने पाळण्यात डोकावून बघितलं.

"मी यात मावणार नाही, मॅडम."

बायका खो खो हसल्या. "नगं मावूस गं बाय. तुजं पाय तेवडं टेकवू," कुणीतरी म्हणालं.

मग रीतीप्रमाणे लिलाबाईने वरवंटा आणला. पिवळं झबलं, टोपडं, नवी तीट. मूल पाळण्यात घालायच्या आधी दगडाचं बाळ करून फिरवायचं, म्हणजे कुणाची नजर, कुणाची बाधा असेल ती दगडावर जाते. बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. एकीने वरून दिला, दुसरीने खालून घेतला. गाणी झाली. ऋतिका डोळे मोठे करून बघत होती. तिने हात पुढे केले आणि तिच्याकडेही वरवंटा आला. तिने तो छातीशी धरला, टोपडं सरळ केलं आणि अगदी जपून पलीकडच्या बाईला दिला. त्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. साधनाने ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मग साधनाने तिच्या कानात तिचंच नाव सांगितलं. घुगऱ्या वाटल्या. सगळं नीट झालं असं वाल्मीकला वाटलं. नीट झालं की त्याला भ्यायची सवय होती.

दिशा त्या आठवड्यात येणार होती. दगड स्वयंपाकघरात दिसू द्या, हे तिने सांगितलेलं साधनाच्या लक्षात होतं. बायका अजून अंगणातच होत्या, तेवढ्यात तिने वरवंटा उचलला, टोपडं काढलं, झबलं काढलं, नळाखाली धरून तीट घासून काढली आणि पाट्यावर ठेवला. लिलाबाई पाट्याशी बसलीच होती. तिने मूठभर लसूण, मिरच्या घेतल्या आणि रगडायला लागली.

ऋतिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"त्याचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

"कुनाचं गं?"

"त्या बाळाचं."

"बाळ कसलं? दगूड हाय त्यो," लिलाबाई म्हणाली. "आता तू आलीस. त्याचं काम झालं."

ऋतिकाने मान हलवली. शहाण्या मुलासारखी. ती मागे सरकली आणि गेली.

ऊन उतरायला लागलं तशा बायका निघाल्या. साधनाने जाणाऱ्यांना कुंकू लावायला ऋतिकाला हाक मारली. ओ आली नाही. माजघरात नव्हती. गोदामात नव्हती. उशाशी बॅग नव्हती, चपला नव्हत्या. साधना स्वयंपाकघरात धावली. पाट्यावर वाटण तसंच होतं, मध्ये लांबट जागा कोरडी. वरवंटा नव्हता. काढून ठेवलेलं झबलं आणि टोपडंही नव्हतं.

वाल्मीकच्या मनात एकच गोष्ट आली. वजन. एवढं जड घेऊन पोर पाण्यात गेली तर. तो धरणाच्या पाण्याकडे धावत सुटला. काठावर कुणी नव्हतं. पाणी काळं, सपाट, त्यावर धूर उतरल्यासारखं धुकं. ओल्या मातीत बारक्या पायाचा एक ठसा दिसला आणि तो त्यावर वाकला. मग दिसलं, तो बकरीमागच्या पोराचा होता, अनवाणी. ऋतिका चपला घालून गेली होती. त्याने तिचं नाव घेऊन हाक मारली. डोंगरावरून त्याचाच आवाज परत आला, उशिरा आणि बारीक.

मागे पाळण्याची कडी करकरल्याचा भास झाला. इतक्या लांब ती ऐकू येणं शक्य नव्हतं.

खिशात फोन वाजला. फाट्यावरचा चहावाला कैलास. "वाल्मीकदादा, तुमची पाव्हनी हितं एसटीच्या थांब्यावर बसलीया. मांडीवर काय तरी घिऊन. म्या इचारलं कुटं निगालीस, तर म्हनली, पोचवायला."

तो पोचला तेव्हा रस्त्याने शोधत निघालेली साधना आधीच तिथे होती, धापा टाकत, पायात चप्पल नाही. ऋतिका बाकड्यावर ताठ बसली होती. पाठीवर बॅग. मांडीवर झबल्यातला वरवंटा, झबल्याला मिरचीचा लाल डाग.

"कुटं चाललीस, बाळा?" साधनाने जवळ न जाता विचारलं.

"याला पोचवायला. मला रस्ता माहीत आहे. संस्थेत मोठं गेट आहे." ती झबल्याकडे बघत होती. "हा आधी होता ना. मग मी आले. म्हणून तुम्ही याचे कपडे काढले. त्याला मिरची झोंबत होती, मॅडम."

दगड आहे असं म्हणून चालणार नव्हतं. ते दोघं स्वतःच इतके दिवस काय करत होते?

"आणि मग दुसरं कुणी आलं की माझं पण काम झालं," ऋतिका म्हणाली. "मग मी आत्ताच जाते. तुम्हाला यायला नको."

साधना बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. पदराने वरवंट्यावरची मिरची पुसायला लागली. हळू, डोळ्यात जाऊ नये अशी.

"मला पन परत केलतं," ती म्हणाली.

ऋतिकाने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "तुम्ही तर मोठ्या आहात."

"मोठ्यांनाबी करत्यात. माणवरनं. गाडीतनं आनलं, बापाच्या दारात उतरवलं आन् गाडी वळवली. माजी पिशवी कितीतरी वरसं मी भरूनच ठिवली हुती."

"मग काढली कधी?"

"ह्यांनी दर आठवड्याला यिऊन खुर्च्या मागितल्या. मग वाटलं, ह्यो बाबा काय जात न्हाई."

ऋतिकाने वाल्मीककडे बघितलं. तो उभाच होता, धापा टाकत, चिखलाने भरलेला. त्याच्याकडे बघून कुणाला विश्वास वाटावा असं त्यात काही नव्हतं.

घाटाकडून एसटी आली. दिवे धुक्यात पिवळे. ती थांबली, दार उघडलं. ऋतिका उठून उभी राहिली. वाल्मीकच्या मनात आलं, पुढे होऊन उचलावं, धरून ठेवावं. त्याने हात पुढेही केला. साधनाने मानेनेच नको म्हटलं.

"जायचं आसंल तर जाऊ," ती ऋतिकाला म्हणाली. "पन एकटं न्हाई. चौगं जाऊ. बसून इचार कर. उतरायचं कुटं ते तूच सांग."

तिघं चढली. कंडक्टरने साधनाच्या अनवाणी, चिखलाने भरलेल्या पावलांकडे बघितलं, मग वाल्मीककडे. "कुटं?"

"पौडपतुर द्या. सद्या."

"बाईंचं अर्दं, पोरीचं अर्दं, तुमचं एकट्याचं पुरं." त्याची नजर झबल्यावर गेली. तो वाकला. ऋतिकाने टोपडं पुढे ओढलं. कंडक्टर जरा थबकला.

"ह्येचं काय वय?" कंडक्टरने विचारलं.

"लहान आहे," ऋतिका म्हणाली.

"मग ह्येला तिकीट न्हाई," तो म्हणाला आणि पुढे गेला.

गाडी धरणाच्या कडेकडेने निघाली. पौड जवळ आलं तसं ऋतिकाने विचारलं, "घरी गेल्यावर चटणी कशावर वाटणार?"

"मिक्सर हाय," साधना म्हणाली.

"आणि त्या आजी आल्या तर?"

"त्यांचा वरवंटा त्येंनी घिऊन यायचा."

"आणि दिशाताई आल्या तर? त्या म्हणतील दगड कशाला."

साधनाने वाल्मीककडे बघितलं. ते दोघांनाही माहीत नव्हतं. दिशा काय लिहील, संस्था काय म्हणेल, कुणी सांगू शकत नव्हतं. "मग तू सांग त्यांना," वाल्मीक म्हणाला. "आमी सांगितलं तर आमाला येडं म्हनतील."

पौडला ती उतरली नाही म्हणून कुणीच उतरलं नाही. पुढच्या थांब्यावर ती म्हणाली, "इथे." तिथे काहीच नव्हतं, एक पत्र्याची शेड आणि बंद पडलेलं पंक्चरचं दुकान. तिघं रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला, मालेकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिली. वारा होता. ऋतिकाची बॅग पाठीवर तशीच होती आणि ती पुढेही बरेच दिवस उशाशीच राहणार होती.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही धरा. मला जड झालं."

वाल्मीकने दोन्ही हात पुढे केले. तिने ते झबल्यातलं त्याच्या हातात दिलं, मान सांभाळून, तसंच, जसं एकदा एका नर्सने दिलं होतं. त्याला वजन माहीत होतं. त्याने ते छातीशी घेतलं. तिने त्याचा सदरा मुठीत धरला.

"पडणार नाही ना?" तिने विचारलं.

"न्हाई," वाल्मीक म्हणाला.

धुक्यातून दोन दिवे यायला लागले.